कॉन्ट्रास्टची तिसरी बाटली

माझी नणंद नोरीन काल्लिओ सुई टोचण्याआधी माणसाला इतके प्रश्न विचारायची, की लोक वैतागायचे. किडनीचा त्रास आहे का? पूर्वी होता का? मधुमेह? रक्तदाब? याआधी एमआरआय झाला तेव्हा शिरेतून औषध दिलं होतं का, दिलं तर कुठलं? रक्ताचा ताजा रिपोर्ट आणलाय? नाही? मग खाली जा, रक्त देऊन या, मी थांबते. आमच्या चर्चच्या पाद्रीबाबांनाही तिने एकदा असंच खाली पिटाळलं. ते मला म्हणाले, "ट्रूडी, स्वर्गाच्या दारातसुद्धा एवढी चौकशी होत नसेल." मी म्हटलं, तिथे नोरीन नाही म्हणून होत नसेल.

तिच्या हाताखाली शिकणारी पोरं तिची टर उडवायची. म्हणायची, बाई, जुनी औषधं कधीच बाद झाली. नव्या औषधात धातू घट्ट बांधलेला असतो, डोस मोजून कमीत कमी देतात, किडनी बघितल्याशिवाय कुणी देतच नाही. जुन्या औषधाने व्हायचा तो आजार आता पुस्तकातच राहिलाय. पोरांचं काही चूक नव्हतं. खरोखरच तो आजार जगातून जवळजवळ गेला. नोरीन त्यांच्याशी वाद घालायची नाही. मी तो पाहिलाय, एवढंच म्हणायची आणि पुढच्या माणसाला आत बोलवायची.

पाहिला तर मीही आहे. मी तेव्हा हॉस्पिटलची व्हॅन चालवायची. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसच्या लोकांना घरून उचलायचं, पोचवायचं, आणि मशीनवरून उतरून पिळलेल्या फडक्यासारखे झाले की परत घरी सोडायचं. माझ्या व्हॅनमध्ये लोक भांडायचे, झोपायचे, एकदा तर एक म्हातारा मेलासुद्धा. अमेरिकेच्या उत्तर टोकाला, सुपिरियर सरोवराच्या काठी आमचं हे तांब्याच्या खाणींचं जुनं गाव. खाणी बंद पडून जमाना झाला. बर्फ तेवढा चालू आहे.

नोरीन म्हणजे माझ्या विलीची मोठी बहीण. लग्न केलं नाही. कुणी का म्हणून विचारलं, तर म्हणायची, शनिवारची सॉना मला शांतपणे घ्यायची असते. सॉना म्हणजे आम्हा फिनलंडकडच्या लोकांचं वाफेचं स्नान, दर शनिवारी ठरलेलं. शाळा संपल्या संपल्या ती एक्स-रे खात्यात चिकटली ती चिकटलीच. बोलायला रोखठोक, कामाला वाघीण, आणि स्वयंपाकाच्या नावाने आनंद. गाडी चालवायची नाही. एकदा बर्फावरून घसरून ओढ्यात गेली होती, तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला नाही. म्हणून व्हॅनच्या दिवशी ती माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, आणि मंगळवार-गुरुवार विलीच्या ट्रकमध्ये.

आमच्याकडे एमआरआयचं यंत्र चाकांवर आलं. एका लांबलचक ट्रेलरमध्ये बसवलेलं. ते गावोगाव फिरायचं आणि आमच्या वाट्याला फक्त गुरुवार. गुरुवारी पहाटे ट्रेलर हॉस्पिटलच्या मागच्या आवारात लागायचा, नोरीन कोट चढवून त्यात शिरायची ती अंधार पडल्यावर बाहेर यायची. तिचा सगळा जीव त्या ट्रेलरमध्ये. आणि त्यातूनही त्या कॉन्ट्रास्टच्या औषधात. ते शिरेतून आत गेलं की नुसत्या चित्रात जे लपलेलं असतं, ते उजळून वर येतं. शाळेतल्या गाण्याच्या बाईंना एका कानाने ऐकू येईनासं झालं होतं. सगळे म्हणाले, वय झालं. नोरीनच्या चित्रात कानाच्या नसेवरची वाटाण्याएवढी गाठ लख्ख दिसली आणि बाई वेळेवर ऑपरेशनला गेल्या. असल्या गोष्टी सांगताना नोरीनच्या चेहऱ्यावर जे तेज यायचं, ते दुसऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर मी नातवंडं झाल्यावर पाहिलंय.

त्या ट्रेलरमुळे एक पद्धत पडली होती. चित्र अंधुक आलं, तर माणसाला पुन्हा कधी बोलवायचं? पुढच्या गुरुवारी. बर्फातून साठ-सत्तर मैल गाडी हाकत आलेल्या माणसाला पुन्हा या म्हणायचं नोरीनच्या जिवावर यायचं. म्हणून औषध सढळ हाताने द्यायचं. डॉक्टरांनीच तोंडी मुभा देऊन ठेवली होती, चित्र नीट नाही आलं तर आणखी एक बाटली दे. तेव्हा हे औषध निरुपद्रवी समजलं जायचं, आणि किडनीवाल्यांना तर हेच द्या म्हणायचे. सीटी स्कॅनचं आयोडीनवालं औषध अधू किडनीला मारतं, हे सगळ्यांना पाठ होतं. हे मात्र निर्धोक. यातला गॅडोलिनियम हा धातू तसा विषारी, पण औषधात तो पुडीत बांधल्यासारखा असतो, पुडी न सुटता लघवीवाटे निघून जातो. ज्याला लघवीच होत नाही, त्याच्या अंगात ती पुडी राहून राहून सुटत असेल का, हा प्रश्न आमच्याकडेच काय, शहरातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनाही पडला नव्हता.

आर्वो साल्मेला जन्मभर सरकारी रस्त्यांवरचा बर्फ काढायचा. त्याचा नांगर लावलेला मोठा ट्रक गेला की आम्ही घराबाहेर पडायचो. साखरेने त्याच्या किडन्या खाल्ल्या आणि तो माझ्या व्हॅनमध्ये आला. मिस्कील माणूस. डायलिसिसला जाताना म्हणायचा, चला, तेल बदलून येऊ. त्याची बायको मर्ना शाळेच्या स्वयंपाकघरात होती. चारशे पोरांना ताटाला लावून दरडावायची सवय, ती घरीही गेली नाही. पण नवऱ्याला एकदाही एकटं सोडलं नाही, दर खेपेला बरोबर.

एके वर्षी आर्वोच्या अंगठ्याची जखम भरेना. काळी पडायला लागली. शहरातल्या सर्जनने सांगितलं, पायाच्या रक्तवाहिन्यांचं चित्र आणा, मग ठरवू, पाय ठेवायचा की कापायचा. आर्वोला दिवसातून थोडी लघवी अजून व्हायची, तेवढी उरलेली किडनी आयोडीनने घालवायला नको, म्हणून एमआरआय. गुरुवार मिळाला तो चौदा नोव्हेंबरचा. दुसऱ्या दिवशी, पंधराला, हरणांची शिकार सुरू. त्या दिवशी आमच्या शाळासुद्धा बंद असतात. आणि नेमका तो शुक्रवार, आर्वोच्या डायलिसिसचा.

ट्रेलरमध्ये काय झालं, हे मला पुढे फार उशिरा कळलं, पण सांगते इथेच. डॉक्टरांनी दोन बाटल्या सांगितल्या होत्या. नेहमीच्या मापाला एक पुरते, पायाच्या वाहिन्यांना दुप्पट द्यायचे. आर्वोच्या पायात गोळा आला, पाय हलला आणि गुडघ्याखालचं चित्र विस्कटलं. नेमकं तिथलंच हवं होतं. त्याला पुन्हा बोलवायचं म्हणजे आणखी एक आठवडा, आणि अंगठा थांबायला तयार नव्हता. नोरीनने तिसरी बाटली दिली. चित्र असं आलं की सर्जनने मागाहून फोन करून तिची तारीफ केली.

उतरताना आर्वोने तिला विचारलं, उद्या डायलिसिस आहे, हे औषध धुवून काढायला जावंच लागेल का? सगळे भाऊ जंगलात शिकारीच्या कॅम्पवर जमलेत. नोरीन हसली. म्हणाली, अरे, पाण्यासारखं असतं ते. एक दिवस चुकलं तर काही होत नाही, खारट मात्र खाऊ नकोस, आणि सोमवारी न चुकता ये. खरं म्हणजे तिने त्याला डायलिसिसच्या नर्सकडे पाठवायला हवं होतं. पण त्याचं मन तिला मोडवेना. पुढच्या वर्षी हा माणूस दोन पायांनी जंगलात जाईल याची खात्री नव्हती. आर्वो गेला. हरीण मिळालं नाही, पण भावांबरोबर तीन दिवस राहून आला.

सर्जनने डिसेंबरमध्ये वाहिनी मोकळी केली. अंगठा गेला, पाय वाचला. घरात सगळे खूश. आणि नाताळ सरतो न सरतो तोच त्याच्या नडग्या खाजायला लागल्या. मग आग. मग कातडी जाड, चकाकती, संत्र्याच्या सालीसारखी. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गुडघे वळेनात. मग हात. बोटं आत मिटत गेली आणि तशीच घट्ट झाली. हात लावला तर माणसाचा वाटायचा नाही, सागाची फळी वाटायची. वर कातडी दगड आणि आत ठणका, रात्र रात्र ओरडायचा. जो पाय वाचवायला एवढा खटाटोप केला, त्या पायावर पुन्हा उभं राहणं काही झालं नाही. शहरातल्या डॉक्टरांनी कातडीचा तुकडा काढून तपासला. म्हणाले, नवा आजार आहे, किडनीवाल्यांनाच होतो, नाव हे असं आहे, कारण माहीत नाही.

डॉक्टरांना कारण सापडलं नाही, पण मर्नाला सापडलं. शिकारीपायी याने डायलिसिस चुकवलं. अंगातली घाण अंगात राहिली आणि तीच आतल्या आत गोठली. किती साधी गोष्ट! तिने ती एकदा बोलून दाखवली, मग दर आठवड्याला, मग दर फेरीला. मी आरशातून बघायची. मागे आर्वोची चाकाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली, शेजारी मर्ना. ती त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायची, नाक पुसायची, आणि तोंड चालू. "घे, कर आता शिकार. धर बंदूक त्या बोटांनी." आर्वो खिडकीबाहेर बघायचा. एखाद्या वेळी म्हणायचा, हरीणसुद्धा मिळालं नाही गं, ते तरी मिळायला हवं होतं. ती आणखी भडकायची. मी एकदा तिला म्हटलं, पुरे की मर्ना, मेलेल्याला किती मारशील? तर मलाच म्हणाली, तू रस्त्याकडे बघ.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यापासून नोरीनचं काहीतरी बिनसलं. पुढच्या सीटवर बसून अख्ख्या गावाच्या कुचाळक्या करणारी बाई मुकी झाली. अंगावरचं मांस उतरलं. आणि अचानक तिला पाव भाजायचं वेड लागलं. वेलची घातलेला, वेणीसारखा गुंफलेला आमचा पाव असतो ना, तो दर शुक्रवारी आर्वोसाठी. पहिले काही तर दगडासारखे झाले, तरी तिने हट्ट सोडला नाही. मी टोमणा मारला, सख्ख्या भावाला कधी बिस्किट दिलं नाहीस, आणि परक्याच्या नवऱ्याला वेण्या घालतेस? एरवी तिने मला सोडलं नसतं, आता ओठ दाबून रस्ता बघत बसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, पण माझ्या टाळक्यात तेव्हा उजेड पडला नाही. मर्ना मात्र पाव घ्यायची आणि म्हणायची, नोरीनसारखी शेजारीण मिळायला भाग्य लागतं.

मग पुन्हा पंधरा नोव्हेंबर आला. त्या वर्षी बुधवारी. रस्त्याने शिकाऱ्यांच्या गाड्यांची रांग, एकेकाच्या टपावर हरीण बांधलेलं. मर्नाला कोलीतच मिळालं. त्या दिवशी ती थांबेचना. याच्या एका दिवसाच्या मजेपायी माझं उरलेलं आयुष्य याला उचलण्यात चाललंय, असं काहीबाही. आणि मग आर्वो बोलला. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाला, "ही शुक्रवारची फेरी झाली की सोमवारपासून मी डायलिसिस बंद करणार आहे. डॉक्टरांना सांगितलंय. माझ्या हाताने ओढवून घेतलेलं आहे, तू किती वर्षं निस्तरणार?"

डायलिसिस बंद म्हणजे आठवडा, फार तर दोन. हे व्हॅनमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी गाडी कशी चालवली मला आठवत नाही. नोरीनने दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला होता, जणू पुढे खड्डा आहे.

शनिवारी आमच्या परसातल्या सॉनात आम्ही दोघी. पुरुषांचं आटोपलं होतं. वरच्या फळीवर ती, खालच्या फळीवर मी. तापल्या दगडांवर मी पाण्याचा डोया ओतला, वाफ उठली, आणि त्या वाफेत नोरीनने सगळं सांगितलं. तिसरी बाटली, आर्वोचा प्रश्न, तिचं उत्तर. आणि जूनमध्ये सरकारकडून हॉस्पिटलांना आलेला इशारा: किडनी गेलेल्यांना हे औषध देऊ नका, कातडी दगड होण्याच्या आजाराशी त्याचा संबंध दिसतोय. हॉस्पिटलच्या वकिलाने एक्स-रे खात्याची बैठक घेतली होती. रुग्णांशी कुणी अवाक्षर बोलायचं नाही, जुनी कागदपत्रं तपासून बोलायचं ते डॉक्टर बोलतील. डायलिसिसचे डॉक्टर दर महिन्याला नवे यायचे, उंटावरून शेळ्या हाकायचे आणि जायचे. कुणीच बोललं नव्हतं.

मी डोया खाली टाकला. म्हटलं, जूनपासून? जूनपासून तू माझ्या शेजारी बसून ऐकतेयस ते सगळं? ती म्हणाली, पहिल्या दिवशी वाटलं उद्या सांगू. उद्या गेलं की परवा सांगणं आणखी कठीण. मग वाटलं, नक्की तरी कुठे आहे? मग पाव. रोज ठरवायची, आणि मर्नाने तोंड उघडलं की माझं बंद व्हायचं. मला नोकरीची भीती नाही ट्रूडी, मला तिच्या तोंडाची भीती वाटते.

तिने एक विचारलं, ते मला अजून छळतं. म्हणाली, शुक्रवारी डायलिसिस झालं असतं तर औषध धुऊन निघालं असतं. मग आर्वो वाचला असता का? मला काय कळणार! डॉक्टरांनाही ते आजतागायत छातीठोक सांगता येत नाही. औषध निघतं, पण आजार टळतो का, देव जाणे. मला तिचा राग आला होता, खोटं कशाला सांगू. माझ्या नात्याची, माझ्या घरातली, आणि एवढी भित्री? औषधाचं मी तिला काही म्हटलं नाही, पण एक सांगितलं. आर्वो आठवड्याभरात मरायला निघालाय आणि तो स्वतःला गुन्हेगार समजून मरणार आहे. तुझं बोलणं झालं नाही तर मी उद्या जाऊन सांगते, आणि मग मला नणंद नाही. ती रडली नाही. अंगावर थंड पाणी ओतून घेतलं आणि म्हणाली, उद्या चर्चनंतर. तू बरोबर चल.

रविवारी आम्ही साल्मेलांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. आर्वो खिडकीपाशी खुर्चीत. मर्ना किटली घेऊन आली. आमच्याकडे दारात आलेल्याला कॉफी विचारत नाहीत, ओततात. नोरीनने कपावर हात ठेवला.

"आधी बोलू दे, मर्ना. आर्वोला हे झालंय ते शिकारीला गेला म्हणून नाही. मी दिलेल्या औषधाने झालंय. डॉक्टरांनी दोन बाटल्या सांगितल्या होत्या, तिसरी मी दिली. आणि डायलिसिस चुकलं तरी चालेल, खुशाल जा, हेही त्याला मीच सांगितलं."

पुढे तिने औषध काय, इशारा काय, सगळं सांगितलं, अगदी हळू, रुग्णाला समजावतात तसं. मर्ना किटली हातात धरून उभी. कुठल्याही क्षणी ती उकळती किटली नोरीनच्या अंगावर जाईल म्हणून मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. पण मर्ना वळली ती नवऱ्याकडे.

"हिने तुला जा म्हणून सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं," आर्वो म्हणाला. "नाही म्हणाली असती तरी मी गेलोच असतो."

"मग इतकी वर्षं मला बोलला का नाहीस?"

"तुला कुणावर तरी राग काढायचा होता. मी घरातच होतो."

तो हे बोलताना हसत होता, निदान हसायचा प्रयत्न करत होता. गालांची कातडीही ताठ झाली होती त्याची. मर्नाने किटली ओट्यावर ठेवली. मग तिने नोरीनला विचारलं, कधी कळलं तुला हे?

मला वाटलं, आता ही म्हणेल, काल. कुणाला कळणार होतं? मी तरी तिचं खोटं उघड केलं नसतं. नोरीनने मान खाली घातली नाही. "जूनमध्ये," ती म्हणाली.

मर्नाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. औषधाचं ऐकतानासुद्धा तो असा झाला नव्हता. तिला एकेक फेरी आठवत असणार. एकेक वाक्य.

"औषधाचं जाऊ दे," ती म्हणाली. "ते कुणालाच ठाऊक नव्हतं, तुला कुठून असणार? तू त्याचा पाय वाचवायला गेलीस. पण जूनपासून मी याला रोज टाकून बोलत होते, आणि तू माझ्या पुढ्यात पाठ करून बसून ते ऐकत होतीस. माझ्या तोंडून तू ते निघू दिलंस. पाव आणून देत होतीस. त्याला माफी नाही, नोरीन."

नोरीन म्हणाली, नाहीच आहे.

मर्ना आर्वोच्या खुर्चीशी जाऊन खाली बसली, गुडघे दुखत असतानाही. तिने त्याचा हात घेतला. आपला हात त्याच्या मुठीत घालायला बघितलं, पण बोटं उघडेनात, आणि ओढली तर तो कळवळतो हे तिला माहीत होतं. मग तिने तशी मूठच दोन्ही हातांत धरली आणि त्यावर कपाळ टेकलं. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ऐकायचंही नव्हतं. मी नोरीनला दंडाला धरून बाहेर आणलं. कप टेबलावर रिकामेच होते.

पुढे त्या आठवड्यात नोरीनने हॉस्पिटललाही आपणहून सांगितलं. वकील लालबुंद झाला, तिला लेखी समज मिळाली, पण नोकरी गेली नाही. तिचं काम करायला दुसरं होतंच कोण? आर्वोचं मात्र रविवारपासून काही कळलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी मी नोरीनला घेतलं आणि साल्मेलांच्या दारात व्हॅन लावली. खूप बर्फ पडला होता. मी हॉर्न दिला. कुणी आलं नाही. पुन्हा दिला. नोरीन दाराकडे बघत होती.

दार उघडलं. मर्ना खुर्ची ढकलत बाहेर आली, खुर्चीत कानटोपी घातलेला आर्वो. म्हणजे तो येत होता. बंद करणार नव्हता. मला हुंदका फुटला आणि मी तो खोकून लपवला.

मर्नाने खुर्ची व्हॅनपाशी आणली आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ती उतरली तर आम्ही चढू."

आर्वो म्हणाला, अगं, थंडी केवढी आहे. मर्ना म्हणाली, असू दे. मी तोंड उघडणारच होते, व्हॅन माझी आहे, कोणी चढायचं ते मी ठरवीन. पण तोवर नोरीनने स्वतःच दार उघडलं होतं. ती उतरली, आर्वोची खुर्ची चढवायला मला हात लावला, पट्ट्या बांधल्या, ओढून बघितल्या, आणि टेकडी उतरून हॉस्पिटलच्या दिशेने चालायला लागली.

विली तिला म्हणाला, मी सोडतो, तुला काय खुळ लागलंय? मंगळवार-गुरुवार ती त्याच्या ट्रकमध्ये बसायची. व्हॅनच्या दिवशी नाही. आम्ही तिला रस्त्यात गाठायचो. आर्वो मागच्या काचेतून आपली मिटलेली मूठ वर करायचा, मर्ना सरळ समोर बघायची. मर्नाने त्याला पुन्हा कधी शिकारीवरून बोललेलं मी ऐकलं नाही. आर्वो त्यानंतर दोन हिवाळे जगला. नोरीन दोन्ही हिवाळे चालत गेली.